चांदबिबी लिहिताना : नव्या कादंबरीकारांसाठी

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यापाशी रोज हजारो माणसे ये-जा करतात. हा किल्ला दोनदा एका मुलीच्या लग्नाच्या बोलणीत आला, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. पहिल्यांदा 1524 च्या सुमारास. विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम हिचे लग्न अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी याच सोलापुरात लागले. हुंड्यात सोलापूर आणि भोवतालचे साडेपाच परगणे द्यायचे ठरले होते. लग्न झाले, पण किल्ला दिला गेला नाही आणि दोन्ही राज्यांत युद्ध पेटले. दुसऱ्यांदा 1564 च्या सुमारास. तोवर किल्ला निजामशाहीकडे आला होता. बुऱ्हाणचा मुलगा हुसेन निजामशहा याने आपली मुलगी विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाला दिली, आणि तिच्यासोबत सोलापूरही दिले. ती मुलगी म्हणजे चांदबिबी.

पुढे याच मुलीने आधी विजापूरचा आणि नंतर अहमदनगरचा कारभार सांभाळला. अकबराच्या फौजेला तिने नगरच्या तटाबाहेर रोखून धरले. मराठी वाचकाला ती शाळेच्या पुस्तकातल्या दोन ओळींत भेटते. तिच्यावर नव्याने, नीट लिहिले जावे असे मला मनापासून वाटते, आणि ते काम सोलापूरच्या लेखकाने हाती घ्यावे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी कानावर पडतच इथला माणूस वाढतो. चांदबिबीच्या दोन्ही दरबारांपर्यंत पोहोचायला असा कान हवा. हा लेख त्या तयारीसाठी आहे. तुमची नायिका दुसरी कोणी राणी असली, तरी यातले बरेचसे तुमच्या उपयोगी पडेल.

आधी कालखंड आखा

सबंध आयुष्य एका कादंबरीत कोंबण्याचा मोह आधी आवरा. चांदबिबीच्या आयुष्याचे चार स्पष्ट टप्पे पडतात. तिचा जन्म साधारण 1550 चा, म्हणजे लग्नाच्या वेळी ती चौदा-पंधरा वर्षांची. त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांचा विजापूरचा संसार. 1580 मध्ये अली आदिलशहाचा खून झाला आणि त्याचा नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम गादीवर बसला. त्याची पालक म्हणून चांदबिबी कारभारात उतरली, हा दुसरा टप्पा. या काळात किश्वरखान नावाच्या सरदाराने तिला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकले आणि हबशी सरदारांनी तिला सोडवून आणले. तिसरा टप्पा माहेरी परतल्यानंतरचा. भाऊ आणि भाचे एकामागून एक गादीवर बसतात, मारले जातात, आणि ती हे सारे पाहते. चौथा टप्पा 1595 ते 1600 : भावाचा नातू बहादूर याला पाठीशी घालून नगर लढवणे, आणि शेवटी आपल्याच सैनिकांच्या हातून मारले जाणे.

यांतला एकच टप्पा निवडा आणि बाकीचे आठवणींतून येऊ द्या. पहिलीच कादंबरी असेल तर 1580 ते 1582 ही दोन वर्षे घ्यावीत, असे मी सुचवेन. नगरच्या वेढ्यावर सगळ्यांचे लक्ष जाते. पण तिशीतली विधवा, नऊ वर्षांचा राजा, एकमेकांचे गळे धरणारे सरदार आणि साताऱ्याची कैद यांत कादंबरीला लागणारा सगळा ताण आहे, आणि वाचकाला शेवट आधीपासून पाठ नसतो.

टप्पा ठरला की वर्षांचा तक्ता भिंतीवर लावा. एका रकान्यात विजापूर, दुसऱ्यात अहमदनगर, तिसऱ्यात मोगल आणि चौथ्यात तुमची काल्पनिक पात्रे. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे इसवी सनाच्या दोन वर्षांत पसरते, हे विसरू नका. उदाहरणार्थ, 972 हिजरी ऑगस्ट 1564 ला सुरू होऊन जुलै 1565 च्या अखेरीस संपते. म्हणून एका पुस्तकात 1564 आणि दुसऱ्यात 1565 दिसले, तर लगेच कोणाला चुकीचे ठरवू नका. परगण्यातला कुलकर्णी मात्र शुहूर सन लिहील. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन मिळतो, आणि त्याचे वर्ष मृगापासून सुरू होते.

कोण सांगतो आहे, ते पाहा

चांदबिबीने स्वतः लिहिलेले आत्मवृत्त आपल्याजवळ नाही. जे आहे ते पुरुषांनी, कोणत्या ना कोणत्या दरबाराच्या आश्रयाने लिहिलेले. मुहम्मद कासिम फिरिश्ता आधी अहमदनगरला होता. 1589 मध्ये तो विजापूरला आला आणि चांदबिबीने वाढवलेल्या त्याच इब्राहिम आदिलशहासाठी त्याने इतिहास लिहिला. सय्यद अली तबातबाचा ‘बुऱ्हान-इ-मआसिर’ निजामशाहीच्या बाजूने बोलतो आणि 1596 च्या तहापाशी थांबतो. अबुल फजल ‘अकबरनामा’ लिहितो तो जिंकणाऱ्याच्या बाजूने. शेवटच्या मोहिमेत तो स्वतः दख्खनमध्ये होता. विजापूरच्या रफीउद्दीन शिराझीचा ‘तझकिरत-उल-मुलूक’ हा चौथा साक्षीदार. फिरिश्त्याचे इंग्रजी भाषांतर जॉन ब्रिग्जने 1829 मध्ये छापले. तिथून सुरुवात करणे सोयीचे आहे.

एकच प्रसंग या चौघांकडून वाचा आणि एका कागदावर चार स्तंभांत मांडा. कोण काय गाळतो, हे त्यातून लगेच दिसते. जिथे दोघे सहमत आहेत ती जमीन भक्कम. जिथे ते भांडतात तिथे तुमचे प्रकरण दडलेले असते, कारण तिथे कोणाला तरी काहीतरी लपवायचे होते.

राणीला इतिहासातून पुसतात कसे, याचा पुरावा पुण्यात आहे. भारत इतिहास संशोधक मंडळात आफताबी या कवीच्या ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ची सचित्र पोथी आहे. हुसेन निजामशहाच्या शेजारी त्याची राणी खुंझा हुमायून त्या चित्रांत बसलेली होती. ही चांदबिबीची आई. नवऱ्यानंतर तिने काही वर्षे राज्य चालवले, आणि मुलगा मुर्तझा याने तिला कैद केले. पोथीतल्या बहुतेक चित्रांतून तिची आकृती नंतर कोणीतरी पुसून टाकली आहे. चांदबिबी लिहिणाऱ्याने त्या चित्रांच्या प्रतिकृती तरी पाहाव्यात. आईचे काय झाले हे मुलीने ऐकले होते. पुढे विजापुरात कारभार हाती घेताना तिच्या मनात हे नसेल का? या प्रश्नाचे उत्तर कागदपत्रांत नाही. ते कादंबरीकाराने शोधायचे.

इंग्लंडमध्येही असेच घडले. मर्सिया प्रांताची एथेलफ्लेड ही राज्यकर्ती 911 पासून 918 पर्यंत कारभार पाहत होती. तिने गढ्या बांधल्या आणि वायकिंगांकडून डर्बी जिंकून घेतले. पण तिच्या भावाच्या राज्यात लिहिलेल्या मुख्य बखरीत तिला जेमतेम जागा आहे. तिच्या कामाचा तपशील मर्सियातल्या एका छोट्या नोंदवहीमुळे वाचला. तिच्या मुलीला तर काही महिन्यांतच सत्तेवरून हटवले गेले. आज तिकडचे कादंबरीकार तिच्यावर भरभरून लिहितात ते त्या थोड्या नोंदींच्या आधारावर. आपल्याकडे चांदबिबीविषयी त्याहून पुष्कळ अधिक शिल्लक आहे.

दंतकथेला तिची जागा द्या

दारूगोळा संपल्यावर चांदबिबीने तोफांतून आधी तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी डागली, असे सांगतात. शेवटी तिने विहिरीत उडी घेतली, असेही सांगतात. या कथा टाकून देऊ नका, पण निवेदकाच्या तोंडीही घालू नका. वेढ्यानंतर वीस वर्षांनी एखादा म्हातारा गोलंदाज नातवाला हे सांगतो आहे, असे लिहा. लोकांना तिच्याविषयी काय वाटत होते ते त्यातून कळेल आणि इतिहासही बिघडणार नाही.

वास्तूंबाबत तर जास्तच सावध राहा. नगरजवळच्या डोंगरावरची जी इमारत ‘चांदबिबीचा महाल’ म्हणून ओळखली जाते, ती सलाबतखान या निजामशाही मंत्र्याची कबर आहे. तिथे चांदबिबीचे शयनगृह रंगवलेत तर जाणकार वाचक पुस्तक मिटून ठेवेल. ससाणा हातावर घेऊन घोड्यावर बसलेली चांदबिबी अनेक चित्रांत दिसते. त्यांतले न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातले प्रसिद्ध चित्र 1700 च्या आसपासचे, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांचे. त्या चित्रावरून तिचा चेहरा किंवा पोशाख ठरवता येत नाही. लोक तिला कशी आठवत होते, एवढेच त्यावरून समजते.

तिचे निर्णय लिहा

हे मी सगळ्यांत आग्रहाने सांगतो. राणीवरच्या आपल्या बऱ्याच कादंबऱ्या विशेषणांत बुडतात. ती तेजस्वी असते, करारी असते, डोळ्यांत अंगार असतो, पण सकाळी उठून ती नेमके काय काम करते ते कळत नाही. राज्यकर्ती स्त्री तिच्या निर्णयांतून दिसते. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या आधी तीन ओळी लिहून ठेवा : आज तिला काय ठरवायचे आहे, तिच्या हाती काय आहे, आणि ठरवले तर कोण दुखावेल.

नगरच्या पहिल्या वेढ्याला ही कसोटी लावून पाहा. 1595 मध्ये तरुण इब्राहिम निजामशहा लढाईत मारला गेला आणि नगरात गादीचे अनेक दावेदार उभे राहिले. मियाँ मंजू या सरदाराने आपली बाजू सांभाळण्यासाठी अकबराचा मुलगा मुराद याला बोलावले, आणि मग पस्तावला. डिसेंबरात मोगल फौज नगरसमोर उभी राहिली. चांदबिबीपुढचा पहिला प्रश्न तलवारीचा नव्हता. काल एकमेकांवर उठलेले दखनी आणि हबशी सरदार आज एका तटावर कसे उभे करायचे, हा होता. दुसरा प्रश्न मदतीचा. तिने विजापूरकडे, आपण वाढवलेल्या इब्राहिमकडे, निरोप धाडले. त्याची फौज सुहैलखानाच्या हाताखाली नळदुर्गाला जमू लागली. नळदुर्ग सोलापूरपासून पन्नास किलोमीटरच्या आत आहे. नगरच्या वेढ्याचा अर्धा ताण असा आपल्याच भागात होता. हे कादंबरीत यायला हवे.

मग सुरुंग. मोगलांनी तटाखाली भुयारे खणून दारू भरली. आतल्या लोकांना सुगावा लागला आणि त्यांनी उलट खणून काही सुरुंग निकामी केले. एक मात्र उडाला आणि तटाला मोठे खिंडार पडले. बचाव करणारे मागे हटू लागले तेव्हा चांदबिबी चिलखत घालून, तोंडावर बुरखा घेऊन, हाती तलवार धरून खिंडारात उभी राहिली, असे बखरकार सांगतात. रात्रीतून खिंडार पुन्हा बांधून काढले गेले.

बहुतेक लेखक तलवारीपाशी थांबतात. तुम्ही रात्रीपाशी थांबा. दगड कुठून आणले, माती कोणी वाहिली, मशाली पेटवायच्या की अंधारात काम करायचे, कोणाला विश्रांती द्यायची? तिचा राज्यकारभार त्या रात्रीत दिसतो. आणि त्यानंतरचा निर्णय तर सगळ्यांत अवघड. 1596 च्या आरंभी तिने तह केला. वऱ्हाड मोगलांना दिला आणि नगर वाचवले. एक प्रांत देऊन राजधानी राखणारी राणी वीररसाच्या साच्यात बसत नाही. तिला साच्यात कोंबू नका, तिचा हिशेब मांडा.

1600 च्या पावसाळ्यातला शेवट याच निर्णयशक्तीशी जोडलेला आहे. मोगल शाहजादा दानियालचा वेढा पडला होता आणि किल्ल्यात फूट होती. माणसे आणि बालराजा वाचत असतील तर अटींवर किल्ला द्यावा, असे तिला वाटू लागले. ‘राणी मोगलांना फितूर झाली’ अशी आरोळी किल्ल्यातल्या हमीदखान या सरदाराने उठवली आणि चिडलेल्या जमावाने तिला ठार केले. ऑगस्टमध्ये किल्ला पडला. बहादूर ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. चार वर्षांपूर्वी ज्या व्यवहारी शहाणपणाने नगर वाचले, त्याच शहाणपणावर आता देशद्रोहाचा शिक्का बसला. तुमच्या कादंबरीची शोकांतिका तिथे आहे.

जागा पायाखाली घाला

सोलापुरापासूनच सुरुवात करा. किल्ल्याची दुहेरी तटबंदी, खंदक आणि सिद्धेश्वर तलाव यांचे नाते पाहा. पाण्याकडून आणि जमिनीकडून येणाऱ्या शत्रूचा विचार कसा केला असेल, हे स्वतः चालत समजून घ्या. मग दक्षिणेकडे विजापूर, साधारण शंभर किलोमीटर. वाटेत भीमा ओलांडावी लागते. आज पुलावरून मिनिटभरात जातो, पण तेव्हाच्या फौजेला पावसाळ्यात भीमा अडवत असे. प्रत्येक मोहीम आखताना ऋतू कोणता आणि नदीला पाणी किती, हे आधी ठरवा. नगरचा पहिला वेढा हिवाळ्यातला आणि अखेरचे दिवस पावसाळ्यातले. या दोन ऋतूंचा फरक तुमच्या वाक्यांत उतरला पाहिजे.

विजापुरात काय पाहायचे आणि काय डोळ्यांआड करायचे, दोन्ही ठरवून जा. गोलघुमट आणि इब्राहिम रोजा चांदबिबीच्या विजापुरात नव्हते. ते नंतरचे. गगनमहाल होता. चांद बावडी 1579 ची, तिच्याच नावाची, म्हणजे नवऱ्याच्या मृत्यूच्या एक वर्ष आधीची. त्या पायऱ्यांवर तासभर बसा. मुलुख-ए-मैदान तोफ आज विजापूरच्या बुरुजावर आहे, पण ती 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि 1632 मध्ये परांड्याहून विजापूरला आली. नवी नवरी विजापुरात शिरताना तुम्ही ही तोफ दाखवलीत, तर ती चूक ठरेल.

नगरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा ओळखपत्र जवळ ठेवा आणि आत जाण्याचे नियम आधी विचारून घ्या. मातीच्या जुन्या किल्ल्याच्या जागी हा दगडी तट चांदबिबीच्या वडिलांनी बांधला. ती लढवत होती तो तट वडिलांचा होता. नळदुर्गातला पाणीमहाल आणि धरण पाहताना लक्षात ठेवा की तो बांध तिच्या मृत्यूनंतरचा, तिने सांभाळलेल्या इब्राहिमच्या कारकिर्दीतला.

ताट, कापड, बोली

लहान वस्तूंत मोठ्या चुका होतात. सोलापूरची शेंगाचटणी आपल्याला प्रिय आहे, पण भुईमूग या मुलखात रुजला तो पुष्कळ नंतर. मिरचीही पोर्तुगीजांबरोबर आलेली, तेव्हा 1564 च्या स्वयंपाकघरात लाल तिखटाचा ठसका उडवू नका. मिरे, आले, चिंच वापरा. ज्वारी-बाजरी, तूर, तीळ, जवस, ताक ठेवा. बटाटा, टोमॅटो, चहा यांची तर बातच नको. सोलापुरी चादर विसाव्या शतकातली, आणि इथली पहिली कापडगिरणी 1877 ची. मात्र सिद्धरामेश्वरांचे मंदिर आणि तलाव बाराव्या शतकापासूनचे आहेत. किल्लेदाराच्या बायकोला तलावाची वाट नक्की माहीत असेल.

भाषेत पेशवाईचा थाट आणू नका. ‘पेशवा’ हे पद निजामशाहीतही होते, पण त्यामुळे पुण्याच्या वाड्यातले बोलणे नगरच्या किल्ल्यात येत नाही. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने हिशेबाचे दफ्तर फारसीतून देशी भाषेत आणले आणि ब्राह्मण कारकुनांना पुढे आणले, असे फिरिश्ता सांगतो. म्हणजे दरबारात फारसी आणि दखनी, दफ्तरात मराठी, दक्षिणेच्या गावांत कन्नड. चांदबिबीला यांतल्या अनेक भाषा येत, असे परंपरा मानते. संवाद मराठीतच लिहा, पण ती कोणाशी कोणत्या भाषेत बोलते आहे ते स्वराने कळू द्या. वकिलाशी ती म्हणेल, ‘जबाब लिहून आणा, मोहोर मी पाहून करीन.’ दाईला म्हणेल, ‘दिवा असू दे. आज झोप नाही.’ हुकूम, फौज, कौल, रसद, तहनामा हे शब्द निर्धास्त वापरा. प्रत्येक वाक्यात ‘या खुदा’ आणि ‘आलमपनाह’ मात्र पेरू नका. त्याने माणूस नाहीसा होतो आणि नाटकी दरबार उरतो.

धर्माबाबतही हीच काळजी घ्या. निजामशाही आणि आदिलशाहीच्या फौजांत मराठे सरदार होते. त्याच नगरच्या चाकरीत मालोजी भोसले होते. तेव्हाची निष्ठा घराण्याशी, वतनाशी आणि मिठाशी बांधलेली असे. आजच्या भांडणांची भाषा त्या माणसांच्या तोंडी घातली तर तुम्ही त्यांच्यावर आणि वाचकावर अन्याय करता.

पुस्तक संपवताना

शेवटी चार पानांचे मनोगत लिहाच. कोणती पात्रे खरी, कोणती रचलेली, कोणती तारीख वादग्रस्त आणि तुम्ही कोणती स्वीकारली, हे सरळ सांगा. ऐतिहासिक कादंबरी हा अनेकांसाठी इतिहासाचा एकमेव दरवाजा असतो. त्यातून आत आलेल्या वाचकाला फसवणे योग्य नाही. फिलिप मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने चांदबिबीवर लिहिलेली कादंबरी 1878 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. त्याने नळदुर्ग भागाचा कारभार पाहिला होता, म्हणून त्याच्या पुस्तकात इथली माती आहे. ती वाचा, तिच्यातली साम्राज्याची नजर ओळखा, आणि आपली नजर वेगळी कशी हे ठरवा.

कामाचा क्रम असा ठेवा. पहिले तीन महिने वाचन आणि तक्ता. मग सोलापूर, नळदुर्ग, विजापूर, नगर असा फेरा. मग फक्त एक प्रकरण, आणि तेही तिच्या एका निर्णयावरचे. ते इतिहासाच्या एका शिक्षकाला आणि इतिहास न वाचलेल्या एका मैत्रिणीला वाचून दाखवा. शिक्षक चुका सांगतील, मैत्रीण कुठे कंटाळली ते सांगेल. दोन्ही टिपणे समोर ठेवून दुसरे प्रकरण घ्या.

वडिलांनी लेकीबरोबर किल्ला दिला, आणि त्या लेकीने पुढे दोन राज्ये सावरून धरली. हुंड्याच्या यादीतून राज्यकर्तीपर्यंतचा हा प्रवास मराठीत अजून पुरता सांगून झालेला नाही. तुमच्या गावाच्या किल्ल्यापासून तो सुरू होतो, तेव्हा सांगण्याचा पहिला हक्कही तुमचाच आहे.